ओली लाखोळी

दर हिवाळ्यात मल्लाजी कळप घेऊन गावात शिरले की मेंढ्यांच्या आधी त्यांचं बोलणं आमच्या आंगणात पोचायचं. वेशीवरच्या पानठेल्यापासून ते सुरू व्हायचं. कोणाचं धान कसं झालं, कोणी तणीस पावसात कुजवलं, कोणाचा बैल अधू झाला, सगळ्यावर त्यांचं मत तयार असे. ते चालता चालताच सांगत, आणि ऐकणारा मागं राहिला तरी थांबत नसत. मग मेंढ्यांची धूळ यायची. सगळ्यांत शेवटी त्यांची बायको पोचूबाई, डोक्यावर भांड्यांचं गाठोडं आणि कडेवर एखादं दमलेलं कोकरू घेऊन.

चामोर्शीहून बस आमच्या गावापर्यंत येते. मी लग्न होऊन इथं आले तेव्हा धानाच्या बांध्या, म्हणजे बांधांनी अडवलेली शेतं, मला ओळखीच्या होत्या, पण लाखोळी या कडधान्याचं एवढं कौतुक मी माहेरी पाहिलं नव्हतं. इकडं धान उभं असतानाच, खालचा चिखल ओला आहे तोवर, त्यात लाखोळीचं बी फेकतात. धान कापलं की खाली हिरवा कोंब दिसतो आणि पुसात, म्हणजे पौषात, सगळी बांधी हिरवीगार होते. बाया कोवळे शेंडे खुडून भाजी करतात. गावालगतच्या दोन बांध्या माझे सासरे मल्लाजींच्या मेंढ्यांसाठी राखून ठेवत. मेंढ्या लाखोळी खात, रात्री तिथंच बसत, आणि त्यांच्या लेंड्यांवर पुढच्या वर्षीचं धान पोसलं जाई. जंगलाच्या कडेला वाघाचं भय असतं, आणि ते त्यांच्या मेंढ्यांचे विण्याचे दिवस असत. पोट ओढत चालणारी मेंढी पळू शकत नाही, म्हणून हिवाळ्यात ते गाव सोडून लांब जातच नसत.

माणूस मोठा मानी होता. उंच, सरळ, धोतर नेहमी धुतलेलं. मिशा ते लोकर कातरायच्या कात्रीनं नीट करत आणि त्यासाठी आमच्या दाराच्या चौकटीला टांगलेल्या आरशासमोर उभे राहत. एवढी मोठी कात्री ओठाशी पाहून मी तोंड फिरवायचे. मेंढ्यांशी ते तेलुगूत बोलत आणि आमच्याशी झाडीबोलीत. एकदा मी विचारलं, मेंढ्यांना मराठी समजत नाही का.

"समजते न," ते म्हणाले, "पन ऐकत नाई."

मला पहिल्यांदा दिवस गेले होते तेव्हाची गोष्ट. चहा पिता पिता त्यांनी माझ्या सासूबाईंना सांगायला सुरुवात केली. "सुनबाईले एकदम भरपेट देऊ नका. थोडं थोडं द्या, दिवसातून चार खेपा. शेवटच्या महिन्यात पोटात जागा नसते." सासूबाईंना ते लागलं. "माही सून काय मेंढी होय का मल्लाजी?" मल्लाजींनी माझ्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाले, "मेंढी असती त मीच मागून घेतली असती. चांगली हाये." सासूबाई पदरात तोंड लपवून हसल्या आणि दुसऱ्या दिवसापासून मला चार खेपा जेवण मिळू लागलं.

लाखोळीच्या बाबतीत त्यांचा एक कायदा होता. पानावरचं दहिवर उन्हानं वाळल्याशिवाय गाभण मेंढी बांधीत उतरवायची नाही. त्याआधी तिला सुकं तणीस खाऊ घालायचं, म्हणजे ती हिरव्यावर हावरटासारखी तुटून पडत नाही. ओल्या लाखोळीनं पोटात वायू धरतो, पोट फुगतं, आणि पोटात आधीच पिल्लू असलं तर श्वासाला वाव राहत नाही. हे आमच्याकडं बहुतेकांना ठाऊक होतं. पण मल्लाजी ते असं सांगत की जणू ते त्यांनीच शोधून काढलं आहे. "फुगून मेलेली मेंढी माह्या कळपात कोनी पाह्यली नाई," असं ते भेटेल त्याला सांगत. पोचूबाई मागं बसून कोकराच्या अंगातले काटे काढत असे. ती कधी मान डोलवत नसे, आणि नाहीही म्हणत नसे.

त्यांना एकच मुलगी, सुमन. तिचा नवरा शंकर, मऊ स्वभावाचा पोरगा, सासऱ्याजवळ राहून मेंढ्या राखायला शिकला होता. एका वर्षी मल्लाजींनी त्याला थोड्या मेंढ्या वेगळ्या काढून दिल्या आणि तो पलीकडच्या गावात तळ देऊन राहिला. त्याच हिवाळ्यात एका सकाळी तो आमच्या आंगणात आला. मल्लाजी चहा पीत होते, माझे सासरे आणि आणखी दोघेतिघे बसले होते. शंकर चपला काढून तुळशीजवळ उभा राहिला.

"मामाजी, दोन मेंढ्या गेल्या. फुगल्या."

"दहिवर होतं?"

"होतं. लेकराले ताप होता, त्याच्यात माह्यं ध्यान नाई राह्यलं."

मल्लाजींनी बाकीच्यांकडं पाहिलं. "पाहा. जावई केला म्हनून मेंढपाळ होत नाई मानूस." मग त्याच्याकडं वळून, चांगल्या मोठ्या आवाजात, "कोंबड्या पाळ तू आता. कोंबडीले दहिवर बाधत नाई."

सगळे हसले. माझे सासरेही हसले. शंकर चपला घालू लागला तर उजवी डाव्या पायात गेली, आणि ती बदलायलाही तो थांबला नाही, तसाच निघाला. आमच्याकडं जावई आला तर पाय धुवायला पाणी देतात. त्या दिवशी त्याला कोणी बस म्हटलं नाही.

पोचूबाई हळूच म्हणाली, "जावई हाये तो आपला."

"जावई घरात," मल्लाजी म्हणाले. "मेंढरात मेंढपाळ."

पुढच्या हंगामात शंकरनं मेंढ्या परत केल्या आणि सुमनला घेऊन तेलंगणात मिरची तोडायला निघून गेला. म्हातारा-म्हातारी दोघंच उरली. मल्लाजी म्हणत, बरं झालं, गर्दी कमी झाली.

त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात ते झालं. पुसात तीन-चार दिवस आभाळ होतं, अधूनमधून भुरभुर पाऊस, आणि सकाळी धुकं असं की बांधीलगतच्या बोडीचं, त्या लहान तळ्याचं, पाणी दिसत नव्हतं. मी भाजी खुडायला टोपलं घेऊन निघाले होते. पोचूबाईची हाक ऐकू आली. ती शब्दांची हाक नव्हती, नुसता आवाज होता.

मी धावत गेले. बांधीत मेंढ्या पाय फाकून उभ्या होत्या, डावी कूस टम्म फुगलेली, तोंड उघडं, जीभ बाहेर. काही आडव्या पडल्या होत्या. मल्लाजी एकीकडून दुसरीकडं पळत होते आणि कोणाजवळच थांबत नव्हते. मी घरी पळाले, जवसाच्या तेलाची बाटली आणली. पोचूबाईनं मेंढीचं तोंड धरून तेल पाजलं, दुसरीच्या तोंडात वायू सुटावा म्हणून काडी आडवी बांधली, तिसरीला उभी करून चालवलं. सासऱ्यांनी जनावराच्या डॉक्टरला फोन केला. तो दुसऱ्या गावी होता. तो आला तेव्हा त्यानं कुशीत सुई खुपसून बऱ्याच मेंढ्या वाचवल्या, पण तोवर धुऱ्यालगत, शेताच्या कडेच्या बांधाशी, मेलेल्यांची रांग लागली होती. सगळ्या गाभण. आज-उद्या विणाऱ्या.

त्यातल्या एकीचं पोट हलत होतं. ती मेली होती आणि तिचं पोट आतून हलत होतं. सगळ्यांनी ते पाहिलं. पोचूबाई म्हणाली, "विळा द्या." विळा मल्लाजींच्या हातात होता. ते त्या पोटाकडं पाहत उभे राहिले. तिनं तो त्यांच्या मुठीतून सोडवून घेतला आणि स्वतःच बसली. आत दोन पिल्लं होती. एक जगलं.

डॉक्टर हात पुसत म्हणाला, "अशा ओल्या लाखोळीत सोडल्या कोणी?"

सगळ्यांचे डोळे मल्लाजींकडं गेले. त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात पोचूबाई, कोपरापर्यंत रक्तानं भरलेली, त्या ओल्या पिल्लाला तणसानं पुसता पुसता म्हणाली, "म्या सोडल्या. याईचा डोळा लागला होता."

मल्लाजींनी तोंड मिटलं आणि घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली. आम्हाला वाटलं, बायकोच्या चुकीनं माणूस खचला. मलाही तसंच वाटलं.

मेलेल्यांत गिरजाबाईच्या मेंढ्या होत्या. गिरजाबाई नाल्यापलीकडच्या गावची विधवा बाई. नवऱ्यामागं तिच्याजवळ होतं ते एवढंच, आणि तिनं त्या मल्लाजींकडं अर्धेलीनं, म्हणजे पिल्लं अर्धी-अर्धी वाटून घ्यायच्या बोलीवर, राखायला दिल्या होत्या. दुपारी ती आली. धुऱ्यावर जाऊन तिनं आपल्या मेंढ्या कानाच्या खुणेवरून ओळखल्या आणि मग पोचूबाईसमोर येऊन उभी राहिली.

"मल्लाजीच्या भरोशावर देल्या होत्या म्या. तुह्या भरोशावर नाई. तुले एवढी कायची घाई झाली होती? त्याईले उठवता नाई आलं?"

पोचूबाई खाली मान घालून बसली होती. गिरजाबाई बोलत राहिली. पुढचं मी लिहीत नाही, बाई रागात होती आणि तिचं गेलं होतं. मल्लाजी पोचूबाईच्या हाताच्या अंतरावर बसले होते. त्यांनी एक एक शब्द ऐकला.

त्या वर्षी मेंढ्या आमच्याकडं उन्हाळा लागेपर्यंत राहिल्या. बोरिंगवर पाणी भरताना बाया पोचूबाईला विचारत, "आज सोडल्या का नाई अजून?" ती हंडा उचलून निघून येई. मला म्हणाली, "बोलतील चार दिवस. मंग दुसऱ्या कोनावर बोलतील."

पण मल्लाजींचं बोलणं बंद झालं ते झालंच. चहाला येत, कप पालथा घालत आणि जात. पानठेल्यावर कोणी धानाचं काढलं तर "हो" म्हणत. पोचूबाईचा हंडा ते स्वतः बोरिंगवर घेऊन जाऊ लागले, भाकर आधी तिला वाढू लागले. तिला त्याचा राग यायचा. "ठेवा तो हंडा खाली. लोकं पाहून राह्यले." कोणी मेंढ्यांबद्दल काही विचारलं तर ते म्हणत, "तिले विचारा." लोकांना वाटे, म्हातारा बायकोला टोमणा मारतो आहे. ती तेवढ्यानं आणखी खाली मान घालायची. ते त्यांना दिसत होतं, पण त्यावर काय करावं हे सुचत नव्हतं.

पुढच्या संक्रांतीला शंकर आणि सुमन तेलंगणातून आले. सुमनच्या बोटांची कातडी मिरचीनं सोलली होती. आम्ही आंगणात बसलो होतो. मी तिळाच्या वड्या फिरवत होते. मेंढ्यांची गोष्ट शंकरच्या कानावर गेली होती. तो उठून पोचूबाईजवळ जाऊन बसला आणि तिला एकटीलाच ऐकू जावं अशा आवाजात बोलला, पण आंगण लहान आहे.

"आत्याबाई, मनाले लावून घेऊ नका. माह्या हातून बी झालं होतं. कसं वाटते ते मले ठाऊक हाये."

पोचूबाई हातातली बांगडी फिरवत राहिली. मल्लाजींनी बशी खाली ठेवली.

"तिनं नाई सोडल्या," ते म्हणाले. "म्या सोडल्या."

मी वड्यांचं ताट खाली ठेवलं.

"गोंडपिपरीकडून एक जन मेंढरं पाहाले येनार होता. मोठा कळपवाला. त्याले मेंढ्या भरल्या पोटाच्या दिसाव्या म्हनून उजाडताच सोडल्या म्या. तनीस बी नाई टाकलं. ती नाई म्हनत होती. दहिवर सुटू द्या म्हने. म्या म्हटलं, तुले काय समजते."

सासरे म्हणाले, "मंग वर्षभर काऊन नाई बोलले मल्लाजी?"

"बोलनारच होतो. तोंड उघडलं होतं म्या. तिनं आधी बोललं." ते थांबले. "मंग मले बरं वाटलं."

शंकर जमिनीकडं पाहत होता. मला वाटलं होतं पोचूबाई आता रडेल, किंवा तिला हलकं वाटेल. ती ताडकन उठली. इतक्या वर्षांत तिचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला.

"आज कायले बोलले? मी शिव्या खाऊन मोकळी झाली होती. आता लोकं म्हनतील, बुढी खोटी हाये. गिरजाबाईच्या तोंडावर खोटं बोलली मी. तिचं सारं गेलं होतं आन् मी तिच्या तोंडावर खोटं बोलली. तुमाले आज बरं वाटलं असंन. माह्यं काय?"

ती वड्या तशाच ठेवून बांधीकडं गेली. मल्लाजी तिच्या मागं जायला उठले आणि आंगणाच्या मधेच उभे राहिले. कुठं पाहावं ते आम्हाला कळेना. मी आत जाऊन उगाच भांडी हलवली.

दुसऱ्या दिवशी मल्लाजी स्वतः नाला ओलांडून गिरजाबाईकडं गेले. तिला म्हणाले, माझ्या कळपातून तुला हव्या त्या घे. ती आली. मल्लाजींनी एक मेंढी पुढं काढली. म्हणाले, ही घ्या, हिला दूध चांगलं आहे, दरसाल जुळं देते. खरंच चांगली मेंढी होती ती. गिरजाबाईनं ती सोडून तिच्या बाजूची घेतली. मग दुसरीच्या वेळी तिनं त्यांना बोलूही दिलं नाही, माझ्या सासऱ्यांना विचारलं, "तुमीच सांगा भाऊ, कोनती घेऊ?" सासऱ्यांना मेंढ्यांतलं काही कळत नाही. त्यांनी हाताला लागली ती दाखवली. मल्लाजींनी ती मुकाट्यानं दोरीला बांधून दिली.

जाताना ती पोचूबाईजवळ थांबली. "तुह्यावर राग काढला म्या साऱ्या गावासमोर. तो बी वाया गेला. आता याच्यावर काढाले माह्याजवळ राग उरला नाई." पोचूबाईनं तिचा हात धरायला हात पुढं केला. तिनं दोरी दुसऱ्या हातात घेतली आणि गेली.

शंकर आणि सुमन परत निघाले त्या दिवशी मी चामोर्शीच्या बाजाराला जायला बसथांब्यावर होते. मल्लाजी त्यांना सोडायला आले होते. बस यायला वेळ होता.

"वापस ये," ते शंकरला म्हणाले. "अर्धी मेंढरं तुही. लिहून पायजे त लिहून देतो."

शंकरला सासऱ्याचा अपमान करायचा नव्हता, ते दिसत होतं. "नाई मामाजी. राग नाई माह्या मनात. पन मी आता ओल्या गवतात पाय नाई टाकत. सकाळी धुकं पडलं की मी घराबाहेर निघत नाई. मिरचीत हात जळतेत, तेवढंच. हात बरे होतेत."

"मी बोललो म्हनून?"

"मेंढ्या मेल्या म्हनून," शंकर म्हणाला. "आन् तुमी बोलले म्हनून बी."

बस आली. मल्लाजींनी त्यांची पिशवी उचलली. सासऱ्यानं जावयाचं सामान उचलणं शंकरला सोसवेना, त्यानं पिशवीचा दुसरा बंद धरला. दोघं ती ओढत बसच्या दारापर्यंत गेले. कंडक्टर म्हणाला, एकानं कोणीतरी चढा. शेवटी पिशवी शंकरनं घेतली. मल्लाजी बस वळेपर्यंत हात थोडे पुढं धरूनच उभे होते.

गेल्या हिवाळ्यात मल्लाजी आणि पोचूबाई उशिरा आले. कळप आता लहान झाला होता, त्यांना एक बांधी पुरली. सासरे आता नाहीत. बांधी राखून ठेवायचं काम माझ्याकडं आलं आहे. पानठेल्यावरची पोरं मल्लाजींना ओळखत नाहीत. त्यांच्यासाठी ते मेंढ्यांमागून चालणारे एक गप्प म्हातारे आहेत.

दुपारची वेळ होती. मी दोघांसाठी चहा घेऊन बांधीवर गेले. लाखोळीला निळी फुलं आली होती. एक मेंढी आडवी पडून कळा देत होती, पिल्लू आडवं अडकलं होतं. पोचूबाई तिच्या मागं गुडघ्यांवर बसली होती. आता तिची बोटं सुजलेली असतात, नीट वळत नाहीत. तिनं मला पाहिलं आणि मान वळवून मल्लाजींना हाक मारली, "या न इकडं. हात धुऊन या."

मल्लाजी बोडीच्या काठावर गेले. वाकून हात धुऊ लागले. त्यांनी मनगटापर्यंत धुतले, मग कोपरापर्यंत, मग काठावरची माती घेऊन पुन्हा धुतले. मेंढी ओरडली. पोचूबाईनं पुन्हा हाक मारली. "आलो," ते म्हणाले, आणि पुन्हा पाण्यात हात घातले. मी चहा घेऊन उभी होते, तो निवत होता. त्यांना हाक ऐकू येत होती, ते यायलाही निघत होते, पण पाण्यातून हात बाहेर काढला की त्याच्याकडं पाहत आणि परत वाकत.

पोचूबाईनं मग हाक मारली नाही. दात आवळून, सुजलेल्या बोटांनी तिनंच पिल्लू आत सरळ केलं आणि ओढलं. ते लाखोळीत पडलं, शिंकलं, आणि मेंढी वळून त्याला चाटू लागली. मल्लाजी काठावर उकिडवे बसले होते, ओले हात अंगापासून लांब धरून. त्यांनी इकडं पाहिलं नाही.

पोचूबाईनं आपले हात गवताला पुसले. मला म्हणाली, "द्या त्याईले चहा. त्याईचे हात धुतलेलेच हायेत."

मी कप नेऊन दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि आमच्याकडं पाठ करून, पाण्याकडं पाहत, थंड झालेला चहा पिऊन टाकला.